मयेकरांची रजा

मयेकरांसमोर कोणी ‘डिलीट’ हा शब्द उच्चारला की ते काही न बोलता उठतात. कूलरपर्यंत जातात, ग्लास भरतात, तिथल्या बाकावर बसून सावकाश पाणी पितात, ग्लास विसळून पालथा घालतात आणि परत येऊन म्हणतात, “हां, आता बोल. काय डिलीट करायचंय?” एवढ्या वेळात समोरच्या माणसाचा धीर सुटलेला असतो. “नाही, तसं काही खास नाही,” असं पुटपुटत तो निघून जातो. आमच्या कंपनीत आजवर जे काही पुसलं गेलेलं नाही, ते या पाण्याच्या ग्लासामुळे. त्या कूलरपाशी मी अनेक धाडसी निर्णय बुडालेले पाहिलेत. त्यातले बरेचसे माझेच होते.

आमची कंपनी मालवाहतुकीची. ऑफिस मरोळला. ट्रक आमचे, गोदामं आमची, पण कंपनीत सगळ्यात जास्त काही फिरत असेल तर ते म्हणजे अर्ज. गोदामाला खुर्ची हवी, अर्ज. ड्रायव्हरला नवा टायर हवा, अर्ज. कुणाला रजा हवी, अर्ज. हे सगळे अर्ज संगणकात भरायचे, मग ते एका साहेबाकडून दुसऱ्या साहेबाकडे आपोआप जातात. त्यांना हिंडवणारी जी प्रणाली आहे तिला आम्ही ‘इंजिन’ म्हणतो. अर्जाने कुठून निघायचं, कुठे वळायचं, वाटेत कोणी अडवलं तर काय करायचं, याची चौकोन आणि बाणांची आकृती आधी काढून द्यावी लागते. ती मी काढतो. माझी आई बोरिवलीत सोसायटीतल्या बायकांना सांगते, “निखिल ऑफिसात चौकोन काढतो.” हे सांगताना तिच्या आवाजात अभिमानापेक्षा काळजी जास्त असते, आणि मी तिला दोष देत नाही.

मी बाण काढून मोकळा होतो. पण त्या बाणांवरून चाललेला प्रत्येक अर्ज या घटकेला कुठे पोचलाय, आणि तिथे पोचण्याआधी कुठे कुठे होता, हे सगळं कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. ते डेटाबेसमध्ये लिहिलं जातं, आणि तो डेटाबेस मयेकर सांभाळतात. चालू अर्जांचं टेबल वेगळं, झालेल्या पावलांच्या इतिहासाचं वेगळं. इतिहास फार फुगला की डिस्क भरते, डिस्क भरली की इंजिन बंद पडतं, आणि इंजिन बंद पडलं की मुंबईपासून भिवंडीपर्यंत कुणालाच काही मिळत नाही.

मयेकर मला ‘चित्रकार’ म्हणतात. कौतुकाने नाही. “चित्रकार, तू वर एक बाण काढतोस मेल्या, खाली माझ्याकडे त्याच्या हजार ओळी होतात. जरा हात आखडता घे.” मला सुरुवातीला राग यायचा. मग एकदा मी त्यांना माझी एक आकृती मोठ्या हौसेने दाखवली. ती त्यांनी बराच वेळ पाहिली आणि विचारलं, “यातून माणूस बाहेर कुठून पडतो?” मी दाखवायला गेलो, तर बाहेर पडायचा बाणच नव्हता. तेव्हापासून मी राग धरणं सोडून दिलं.

माणूस पन्नाशी ओलांडलेला, किरकोळ, कायम अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. लग्न केलं नाही. जोगेश्वरीला मोठ्या बहिणीबरोबर राहतात. एवढंच आम्हाला माहीत होतं. मयेकरांना घरचं विचारलं की ते डेटाबेसचं सांगतात.

त्यांचे नियम दोनच. पहिला, “टेबलात हात घालायचा नाही.” हा समजून घेतला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मयेकरांच्या हातात एवढी सत्ता आहे की एक ओळ लिहून ते कुठलाही अर्ज मंजूर झाल्याचं दाखवू शकतात. कुणाला कळणारही नाही. पण ते तसं कधी करत नाहीत. “इंजिनाला वाटतं अर्ज इकडे आहे, तू गुपचूप उचलून ठेवतोस तिकडे. उद्या दोघांची जुंपते. आणि वर माणसाचा विश्वास जातो तो वेगळाच. साहेबाने दाबायचं बटण साहेबानेच दाबायचं.” तोंडी परवानगीही त्यांना चालत नाही. सिस्टीममध्ये नाही म्हणजे झालंच नाही.

दुसरा नियम नसून उद्गार आहे. “कोणीतरी थांबलंय.” कुठलाही अर्ज कुठेतरी अडकून पडला की आम्हाला पडद्यावर नुसती एक लाल ओळ दिसते. मयेकरांना त्यामागे माणूस दिसतो. एकदा भिवंडीच्या गोदामाचा एक जुनाट अर्ज त्यांना सापडला. मंजुरी देणारे साहेब नोकरी सोडून गेले होते आणि अर्ज त्यांच्या रिकाम्या खात्यात बसून होता. मी म्हणालो, “डिलीट करू या.” मयेकर पाणी पिऊन आले आणि त्यांनी थेट गोदामाला फोन लावला. “नमस्कार, तुमच्याकडून खुर्ची मागितली होती. अजून पाहिजे आहे का?” पलीकडचा माणूस आधी हसला. मग म्हणाला, “साहेब, आम्ही ड्रमवर बसायला शिकलो आता. पण पाठवा.” मयेकरांनी तो अर्ज रीतसर नव्या साहेबांच्या नावे करून घेतला. खुर्ची पोचल्यावर गोदामाने तिचा फोटो पाठवला. मयेकरांनी तो त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर लावला, आणि लोक घरच्यांचे फोटो लावतात तिथे आजही ती खुर्ची आहे.

असा हा माणूस कधी रजा घेत नसे. त्यामुळे मार्च महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी मी ऑफिसात शिरलो तेव्हा मयेकर रजेच्या भानगडीत सापडलेले असतील, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ते पडद्याकडे बघत बसले होते. “चित्रकार, इकडे ये. इतिहासाचं टेबल फुगत चाललंय. डिस्क परवापर्यंत टिकणार नाही.”

“दिवाळीसारखी गर्दी असेल.”

“मार्चात? गर्दी नाही. एकच अर्ज आहे. तो पळतोय.”

आम्ही बघितलं तर खरंच एक अर्ज पळत होता. कुलकर्णी सरांकडून शेट्टी मॅडमकडे, शेट्टी मॅडमकडून कुलकर्णी सरांकडे, पुन्हा मॅडमकडे, पुन्हा सरांकडे, न थकता, आणि प्रत्येक फेरीला इतिहासात नव्या ओळी टाकत. कारण शोधायला वेळ लागला नाही. आमच्याकडे साहेब रजेवर गेला की आपला बदली माणूस नेमून जातो, आणि त्याचे अर्ज मग बदली माणसाकडे जातात. आमचे आयटीचे कुलकर्णी सर नागपूरला पुतण्याच्या लग्नाला गेले आणि बदली म्हणून त्यांनी ऑपरेशन्सच्या शेट्टी मॅडमचं नाव दिलं. शेट्टी मॅडम त्याच दिवशी गावच्या देवीच्या उत्सवाला गेल्या आणि त्यांनी कुलकर्णी सरांचं नाव दिलं. दोघंही एकमेकांवर विसंबून निर्धास्त होते.

“बदली माणूसही रजेवर असेल तर काय, हे तुझ्या चित्रात कुठाय?” मयेकरांनी विचारलं.

ते नव्हतं. एवढी मोठी माणसं एकमेकांचं नाव देऊन एकाच वेळी गायब होतील, हे मला सुचलं नव्हतं. आईचं बरोबर होतं, मी नुसते चौकोन काढतो.

“अर्ज कुणाचा आहे?” मी विषय बदलायला म्हणालो.

मयेकरांनी अर्ज उघडला आणि खुर्ची मागे ढकलली. मी वाकून पाहिलं. अर्जदार: मयेकर. रजा: शुक्रवार, एक दिवस. इतकी वर्षं ज्यांनी या डेटाबेसला सर्दीसुद्धा होऊ दिली नाही, त्यांच्याच रजेचा अर्ज तो फोडायला निघाला होता. मला हसू आलं आणि ते मी खोकल्यात लपवलं. मग खालची ओळ दिसली. ‘बदली व्यक्ती’ या रकान्यात माझं नाव होतं.

“माझं नाव?” मी म्हणालो.

“रकाना रिकामा ठेवला तर तुझं चित्र पुढे जाऊ देत नाही,” ते म्हणाले. “शुक्रवारी ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. फार पिकलाय. दोनदा तारीख मिळाली होती, दोन्ही वेळा इथे सर्व्हर बसला आणि मी गेलो नाही. मी बरोबर नसेन तर ती जात नाही, घाबरते. डॉक्टर म्हणाले, आता पुढे ढकलू नका, डोळा जाईल.”

हे सगळं त्यांनी पडद्याकडे बघतच सांगितलं. घरचं काही सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

आधी तो अर्ज थांबवणं भाग होतं. इंजिनात त्याची सोय आहे, अर्ज आहे तिथे गोठवून ठेवता येतो. मयेकरांनी स्वतःच्या हाताने आपली रजा गोठवली. डेटाबेस वाचला आणि शुक्रवार अडकला.

“मयेकर,” मी आवाज खाली आणून म्हणालो, “एक ओळ लिहा. मंजूर करून टाका. कोण बघतंय?”

ते उठून पाणी प्यायला गेले. मी ‘डिलीट’ म्हणालोसुद्धा नव्हतो.

मी नागपूरला फोन लावला. मागे बँड वाजत होता. कुलकर्णी सर ओरडून म्हणाले, “मयेकर रजा मागतोय? दिली, दिली, जा म्हणावं.” त्यांचा लॅपटॉप मरोळला कपाटात होता, आणि ऑफिसबाहेरच्या फोनवरून बटण दाबता येत नाही. शेट्टी मॅडमच्या गावात रेंज नव्हती. मी मयेकरांना निरोप सांगितला. ते म्हणाले, “तोंडी?” आणि मान हलवली.

आमच्या टेस्टिंगमधली प्राजक्ता पलीकडून म्हणाली, “अरे यार, सोपं आहे ना. हा अर्ज मागे घ्या, नवीन भरा.” तेही जमणार नव्हतं. रजेचा अर्ज निदान आदल्या आठवड्यात भरलेला असावा, नाहीतर इंजिन तो परत फेकतं. हा चौकोन कुणी काढला होता ते मी सांगत नाही.

“मग अर्ज न करताच जा ना शुक्रवारी,” प्राजक्ता म्हणाली. “कोण तुम्हाला फासावर देणार आहे?”

“आजवर मी कितीजणांना सांगितलं, सिस्टीममध्ये नाही म्हणजे नाही. माझ्या वेळेला चालतं म्हणू?” मयेकर म्हणाले. मग हळूच म्हणाले, “बघतो. ताईला सांगतो, शेजारच्या वहिनी येतील तुझ्याबरोबर.” पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ताई वहिनींबरोबर जाणार नाही, आणि हे त्यांना पक्कं माहीत आहे. मला त्या माणसाचा संताप आला आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं.

मग मी जे केलं ते मी एरवी टाळतो. मी काम केलं. बदली माणूसही रजेवर असेल तर अर्ज थेट मोठ्या साहेबांकडे जाईल, असा एक नवा बाण काढला. पण नव्या आकृतीने नुसतं भागत नाही. आधी निघालेला अर्ज जुन्याच आकृतीवरून चालत राहतो. तो तिथून इंजिनाकरवीच, रीतसर उचलून नव्या आकृतीवर अलगद ठेवावा लागतो. हे काम मी कधी चालू डेटाबेसवर केलं नव्हतं. मयेकरांनी ते माझ्याकडूनच करून घेतलं, स्वतः हात लावला नाही. आधी बॅकअप. मग तो बॅकअप खरंच उघडतो का ते बघ. मग डेटाबेसची वेगळी प्रत करून तिच्यावर प्रयोग. पहिल्या प्रयोगात मी मयेकरांचा अर्ज टायरच्या खरेदीत नेऊन ठेवला. ते शांतपणे म्हणाले, “मला टायर नको आहेत. परत कर.”

गुरुवारी दुपारी गोठवलेला अर्ज जुन्या आकृतीवरून नव्या आकृतीवर गेला आणि पुन्हा चालू लागला. डेटाबेसला काही झालं नाही. पाचच मिनिटांत मोठ्या साहेबांचा फोन आला, तोही माझ्या टेबलावर, कारण मयेकरांना विचारायची त्यांची हिंमत नसावी. “हे मयेकरांचं काय आलंय माझ्याकडे? सोडून चाललेत की काय?”

“नाही सर, एक दिवसाची रजा आहे.”

“नक्की ना? मग दुसरी नोकरी बघायला चालले असतील.”

“बहिणीचं ऑपरेशन आहे, सर.”

“मयेकरांना बहीण आहे?” साहेब म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

मयेकरांच्या पडद्यावर ‘मंजूर’ असं उमटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “चित्रकार, हा बाण बरा काढलास,” एवढंच म्हणाले. मला या नोकरीत आजवर मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रमोशन.

शुक्रवारी मी त्यांच्या खुर्चीत बसलो. समोर आलेख हलत होते, त्यातलं मला काही कळत नव्हतं, म्हणून मी गंभीर चेहरा करून बसलो. दुपारी अकाउंट्सचा एकजण येऊन म्हणाला, “एक जुनी एंट्री डिलीट करायची होती,” आणि मी काय करतोय हे कळायच्या आत कूलरपाशी उभा होतो. मयेकर दर अर्ध्या तासाने फोन करतील अशी आमची पैज होती. त्यांचा एकही फोन आला नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं, म्हणून ऑफिस सुटल्यावर मी जोगेश्वरीला त्यांच्या घरी गेलो.

मयेकरांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “काय झालं? डिस्क?”

“काही नाही झालं. ताई कशा आहेत ते बघायला आलो.”

“बरी आहे. झालं नीट,” ते म्हणाले, पण दारातून बाजूला होईनात. मला वाटलं, घर आवरलेलं नसेल.

आतून आवाज आला, “कोण रे इलो?”

“ऑफिसातला आहे, ताई.”

“चित्रकार? मगे दारात कित्याक उभो केलंस त्येका? येवंदे आत.”

नलूताई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. एका डोळ्यावर पट्टी. मयेकर चहा करायला म्हणून आत गेले, इतक्या घाईने की कप पडल्याचा आवाज आला.

“बस रे बाबा,” ताई म्हणाल्या. “एक डोळो बंद आसा आणि दुसरो तसोच, म्हणान तुझा तोंड दिसत नाय. पण मी वळाखतंय तुका. रोज ऐकतंय तुमच्याबद्दल. ती प्राजक्ता बरी आसा मा?”

“बरी आहे,” मी म्हणालो.

“तुमी सगळी एकत्र जेवतास. ह्येचो डबो तुमी ओढून घेतास असा तो म्हणता. म्हणान मी चार माणसांचा घालतंय. तुका कोलंबी आवडता मा?”

मयेकर त्यांच्या टेबलावर एकटेच जेवतात. जेवायला बोलावलं की बॅकअप चाललाय म्हणतात. सुरुवातीला आम्ही दोनतीनदा विचारलं, मग विचारणं बंद केलं. त्यांचा डबा मोठा असतो हे खरं, आणि तो परत नेताना रिकामा असतो हेही खरं. खाली गेटवरचा सिक्युरिटीवाला जेवणानंतर मयेकरांना एवढा कडक सलाम का ठोकतो, हे मला आत्ता कळलं.

“आवडते,” मी म्हणालो. ते तरी खरं होतं.

“आणि ह्येच्या वाढदिवसाक केक आणलास तुमी. घरी येऊन सांगताना तो हसत होतो.” ताईंनी चाचपडत माझा हात शोधला आणि धरला. “माझ्यामागे ह्येचा कसा होतला, ह्या भ्या होता माका. आज थय टेबलावर पडान तोच इचार करत होतंय. पण तुमी आसास. आता इतक्या भ्या वाटत नाय.”

मयेकरांचा वाढदिवस कधी असतो हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आत स्वयंपाकघरात अजिबात आवाज नव्हता. चहा कधीच उकळला असणार, पण ते बाहेर येत नव्हते. मला एकदम रडू येईल असं वाटलं. मी चौकोन काढणारा माणूस, अशा वेळी काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

“ताई, केक काही खास नव्हता,” मी म्हणालो. “पुढच्या वेळी चांगला आणू.”

मग मयेकर चहा घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी चहा प्यालो, ताईंना नमस्कार केला आणि निघालो. ते जिन्यापर्यंत पोचवायला आले. कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “निखिल, तिला मी जरा...”

त्यांनी मला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

“सोमवारी किती वाजता जेवायचं?” मी विचारलं.

ते जिन्याकडे बघत राहिले. “ताई आता काही दिवस गॅसपाशी जायची नाही,” ते म्हणाले. “मलाच करावं लागेल. मला धड जमत नाही.”

“चालेल,” मी म्हणालो.

सोमवारी मी, प्राजक्ता आणि नागपूरहून परतलेले कुलकर्णी सर खुर्च्या ओढून मयेकरांच्या टेबलापाशी बसलो. दोघांना मी सकाळीच सगळं सांगितलं होतं. कोलंबी खारट झाली होती आणि भात खाली लागला होता. आम्ही डबा पुसून खाल्ला. अर्ध्यावर मयेकरांचा फोन वाजला. ताईंचा होता. “जेवलास काय रे सगळी?” असा त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मयेकर काहीतरी सांगायला लागले, मग थांबले, आणि त्यांनी फोन आमच्या दिशेने पुढे धरला. आम्ही तिघंही एकदमच म्हणालो, “जेवतोय, ताई.”